शुद्ध हरपली होती का?

पूर्णा
रविवार, १८ जानेवारी २०२६

दादा, जयभीम.

गेल्या रविवारच्या पत्रात माझी एक चूक झाली. माझे ठोके मिनिटाला दोनशे चाळीस होते असं मी लिहिलं होतं. ते दोनशे दहा होते. ईसीजीचा कागद समोर ठेवून आज पुन्हा बघितला. दोनशे चाळीस हा आकडा पिंकी मॅडमनी रिक्षात माझं मनगट धरून सांगितला होता. त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. मी तो तसाच लिहून टाकला.

तू म्हणशील, एवढ्यासाठी दुसरं पत्र कशाला? तेरा वर्षांनी तुला पहिलं पत्र लिहिलं आणि त्यात एकच आकडा होता, तोही चुकला. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते असं नाही. फोनवर मी अर्ध्यात थांबते, हे तुला माहीत आहे. पत्र घाईत लिहिलं होतं, म्हणून झालेलं सगळं पुन्हा नीट सांगते.

पाच तारखेला, सोमवारी, तिसरीची हजेरी घेताना धडधड सुरू झाली. लहानपणी व्हायची तशीच, बटण दाबल्यासारखी एकदम. माय काय करायची ते तुला आठवत असेल. परातीत माठाचं पाणी ओतायची आणि माझं तोंड त्यात बुडवायची. "धा मोज गं, धा मोज." आठ-नऊपर्यंत धडधड बंद व्हायची. मग तू किंवा बाबा मला सायकलवर दवाखान्यात न्यायचात, तोवर नाडी ठीक झालेली असायची आणि कागदावर काहीच यायचं नाही. डॉक्टर म्हणायचे पोरगी घाबरते. गल्ली म्हणायची नाटक करते. तूही म्हणायचास, पण हे तक्रार म्हणून लिहीत नाही. मायच्या उपायाने मला दर वेळी बरं वाटलं आणि दर वेळी पुरावा पुसला गेला, एवढंच.

धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला पाहिजे, हे मी गेल्या वर्षी एका लेखात वाचलं. म्हणून त्या दिवशी पाण्याला हात लावला नाही. पिंकी मॅडम माझ्याच वर्गाशेजारी दुसरीला शिकवतात, त्या बाटली घेऊन धावत आल्या.

"तोंडावर पाणी मारा मॅडम, थंड हाय!"

"नको. पाण्यानं थांबंल."

"थांबलं तर बरंच हाय की!"

"दवाखान्यात जाऊस्तर थांबायला नको. कागदावर यायला पाहिजे."

"काय बाई हाय! हिला बरंच व्हायचं न्हाई!" असं म्हणत त्याच माझ्यासोबत रिक्षात बसल्या. रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता. "ताई, माझ्या रिक्षात काय बी करू नका. धा मिनटं दम धरा, मंग तुमी आन् डॉक्टर." मी खोकलासुद्धा दाबून धरला, कारण खोकल्यानेही कधी कधी थांबते. टेबलावर झोपवून तारा लावल्या, मशीनमधून कागद निघाला आणि नर्स म्हणाली, "अगं बाई." एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आठ तारखेला बाबा मला परभणीला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. म्हणाले, हे घाबरणं नाही. हृदयात विजेची एक जादा वाट जन्मापासून आहे, ठोका त्या वाटेने फिरून परत येतो आणि गोल गोल पळत राहतो. मग त्यांनी प्रश्न विचारले. दम लागतो का? छातीत दुखतं का? घरात कोणी अचानक गेलं आहे का? कधी शुद्ध हरपली होती का?

मी नाही म्हणाले.

शुद्ध हरपली असती तर गोष्ट वेगळी होती, मग वाट बघू दिली नसती, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तुला मी कळवलं होतं की डॉक्टर म्हणाले गोळ्यांवर भागेल. ते शब्द डॉक्टरांचेच आहेत, त्यात चूक नाही.

तुझी,
सुकेशनी


पूर्णा
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

दादा, जयभीम.

तुझं उत्तर नाही. येलदरीला टपाल किती दिवसांत पोचतं मला माहीत नाही. तू काम करतोस त्या मच्छीमार संस्थेच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरचा पत्ता मायकडे आहे पण तिला विचारलं नाही.

गोळ्यांनी दिवसभर झोप येते. अठ्ठावीस तारखेला गोळी घेतलेली असतानाही धडधड आली आणि चाळीस मिनिटं राहिली. शेवटी परात घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी बाबांसोबत पुन्हा परभणीला गेले. या वेळी डॉक्टरांनी ॲब्लेशनबद्दल सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते हसले, पण एक ठिकाण दुरुस्त केलं.

छाती उघडत नाहीत. मांडीच्या वर, जांघेत, सुई टोचून शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात. त्यांना कॅथेटर म्हणतात. जागा तेवढी बधिर करतात, बाकी माणूस जागा असतो. नळ्यांच्या टोकाने हृदयातली वीज कुठून कुठे जाते ते बघतात. मग मुद्दाम धडधड सुरू करतात, म्हणजे ती वाट सापडते. सापडली की एका नळीचं टोक तापवून तेवढीच जागा जाळतात, तांदळाच्या दाण्याएवढी. नंतर पुन्हा धडधड सुरू करून बघतात. सुरू होत नसेल तर काम झालं. काही ठिकाणी जाळण्याऐवजी गोठवतात. ती जागा मुख्य वाटेच्या फार जवळ असेल तर गोठवणं बरं, कारण थोडं गोठवून काही बिघडतंय असं दिसलं तर सोडून देता येतं. जाळलेलं परत येत नाही. मुख्य वाटेला धक्का लागला तर पेसमेकर बसवावा लागतो. असं शंभरात एखाद्याचं होतं. मी वहीत "क्वचित" लिहिलं होतं, तेच त्यांनी खोडून "शंभरात एखादा" करायला लावलं.

परभणीत हे होत नाही, संभाजीनगरला जावं लागेल.

बाबा इतका वेळ टोपी मांडीवर ठेवून ऐकत बसले होते. त्यांची चौतीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समनकीत, गाड्यांचे रूळ बदलण्यात गेली, तुला मी काय सांगू. एकदम म्हणाले, "साहेब, म्हंजे लूप लाईनचा पॉइंट चुकीचा लागायलाय. गाडी फिरून त्याच प्लॅटफॉर्मवर यायलीय."

"अगदी बरोबर, काका."

"मंग लाईन उखडायची म्हणल्यावर ब्लॉक घ्यावा लागंल. किती तासाचा ब्लॉक?"

"दोन-तीन तास."

"आन् ब्लॉक चालू असताना मेन लाईन चालू ऱ्हाती?"

"राहते. ठोके चालूच असतात."

बाबा टोपी घालत म्हणाले, "आमच्या डिव्हिजनला असं कधी जमलं न्हाई बघा." डॉक्टर मोठ्याने हसले. मीही हसले. बाबांना असं बोलताना बघून बरेच दिवस झाले होते.

पण बाहेर आल्यावर स्टँडपर्यंत ते नको म्हणत राहिले. "लग्नाची पोरगी, काळजात तारा घालायच्या म्हंजे काय खेळ हाय? डॉक्टरच म्हणला, घाई न्हाई. चक्कर येऊन पडत न्हाई ना तू? मंग झालं." डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते. कधी शुद्ध हरपलेली नाही म्हणून घाई नाही, गोळ्या बदलून बघू, तुम्ही ठरवा. पुढची तारीख बारा मार्चची दिली आणि लहानपणापासूनचे सगळे कागद आणायला सांगितलं.

ते कागद मायच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. काल काढले. तारखेप्रमाणे लावताना ७ सप्टेंबर २०१२ चा केसपेपर निघाला, कपाळाला चार टाके पडले त्या दिवसाचा. त्यावर इंग्रजीत दोन ओळी आहेत. भावाने ढकलल्यामुळे पडली. शुद्ध हरपली नव्हती.

आज पुढे लिहिणं जमत नाही.

सुकेशनी


पूर्णा
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

दादा,

त्या दोन्ही ओळी खोट्या आहेत. दोन्ही माझ्या तोंडच्या आहेत. डॉक्टरांनी मला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहिलं.

तुला हे माहीतच आहे, तरी मी एकदा पूर्ण लिहून देते. तेरा वर्षांत मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी बारा वर्षांची होते, सातवीत. तू मला शिष्यवृत्तीची गणितं घालत होतास. धडधड सुरू झाली. मी सांगितलं. तू म्हणालास, "आधी हे गणित, मंग पाणी." गणित हौदाचं होतं की काळ-कामाचं, आता आठवत नाही. मी पाण्यासाठी उठले. डोळ्यांपुढे कडेकडेने अंधार आला आणि मधे फक्त तुझी वही दिसत राहिली. त्यापुढचं काही आठवत नाही. जागी झाले तेव्हा मी ओट्यापाशी जमिनीवर होते आणि तू अंगातला शर्ट काढून माझ्या कपाळावर दाबून धरला होतास. मी पडले तेव्हा तू मला हात लावलेला नव्हतास. तू माझ्यापासून चार हात लांब बसला होतास.

बाबा ड्युटीवरून आले. त्यांनी विचारलं, "चक्कर आली का?"

मी नऊ वर्षांची होईपर्यंत घरीच शिकले, तुझ्याजवळ. शाळेत घातलं तेव्हा बाबांनी अट घातली होती, एकदा जरी शुद्ध हरपून पडली तरी नाव काढून घेईन. ती अट तुझ्यासमोरच घातली होती. तूच त्यांना महिनाभर समजावून मला चौथीत बसवलं होतंस. त्यामुळे बाबांनी चक्कर आली का असं विचारलं तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणाले, "न्हाई. दादानं ढकललं."

तू म्हणालास, "खोटं बोलायलीय बाबा, ही बेशुद्ध पडली." मी पुन्हा नाही म्हणाले. दवाखान्यातही तेच सांगितलं, कारण तिथे बाबा उभे होते.

घरी आल्यावर बाबांनी तुला झेंडीच्या काठीने मारलं. घरात मारलं असतं तरी एक वेळ... पण गल्लीत मारलं, समोरच्या कुसुमबाईच्या दारात, सगळे बघत असताना. "ल्हान पोरीवर हात उचलणारा माझ्या घरात ऱ्हायचा न्हाई." तू उलट एक शब्द बोलला नाहीस. मी खिडकीत होते. तू वर बघितलंस. तेव्हा मी बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी पट्टी धरून उभी राहिले. संध्याकाळच्या गाडीने तू गेलास.

माझी शाळा चालू राहिली. मी डी.एड. झाले, नोकरी लागली. तुझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष तसंच राहिलं.

दर रविवारी विहारात वंदनेला जाते. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला मी ओठ हलवते, आवाज काढत नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळेत मुलांना 'नेहमी खरं बोलावं' म्हणायला लावते तेव्हा मात्र मोठ्याने म्हणावं लागतं.

अठरा जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं, "डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हणाले." ते 'नाही' खोटं होतं आणि हे मला लिहिताना माहीत होतं. गोळ्यांवर भागेल हे शब्द डॉक्टरांचेच आहेत, पण ते माझ्या खोट्या उत्तरावर उभे आहेत. एका पत्रात आकडा दुरुस्त केला आणि त्याच पत्रात हे झाकलं. बाबा शेजारी बसले होते आणि त्यांनी माझ्याआधी मान हलवली होती. "न्हाई साहेब, कधीच न्हाई. ल्हानपणी एकदा पडली, पण ते येगळं हाय." ते येगळं हाय म्हणताना ते खिडकीकडे बघत होते.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि तेवढं ओझंही मला तुझ्यावर टाकायचं नाही.

सुकेशनी


पूर्णा
रविवार, १ मार्च २०२६

दादा, जयभीम.

मंगळवारी राजेश्री वहिनींच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मला वाटलं वहिनीच असतील. आम्ही कधी बोललो नव्हतो. तुझा आवाज ओळखायला मला वेळ लागला, बारीक झाला आहे. आपण काय बोललो ते मी नंतर लगेच लिहून ठेवलं. चुकलं असेल तर कळव.

तू विचारलंस, "आता बी होतंय का?"

मी हो म्हणाले. आदल्या शुक्रवारी स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना झालं, डोळ्यांपुढे तोच कडेचा अंधार आला. मी कठडा धरून खाली बसले म्हणून पडले नाही. घरी सांगितलेलं नाही.

मागे वहिनी कुणाला तरी म्हणत होत्या, "काट्यावर बर्फासकट तोलू नका, मासे तोला, मासे." मग तू म्हणालास, "सुकू, तू एकटी जा. बाबाला नेऊच नको. डॉक्टरला खरं सांग, तार घालून घे, मोकळी हो. त्यांना काय बी कळायची गरज न्हाई."

मी म्हणाले, "आन् तुझं?"

"माझं काय ऱ्हायलंय? मी हितं बरा हाय. म्हातारा सत्तरीला टेकलाय. त्याला आता कळलं तर त्यो काय करंल? तेरा वर्षं त्याला माघारी आणता येणार हायेत का?"

मग तू म्हणालास, "गणित हौदाचं होतं. दोन नळांचं. माझ्या ध्यानात हाय," आणि फोन ठेवलास.

मायला मी गुरुवारी सगळं सांगितलं. भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "मला म्हाईत हाय. तुझ्या जखमेला रक्त होतं, त्याच्या हाताला शर्ट होता. ढकलणारा माणूस शर्ट काढीत बसतो व्हय?" मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "बोलले असते तर तुझी शाळा गेली असती. न बोलले तर माझं लेकरू गेलं. एकच हातात ऱ्हायचं होतं." मग तीही तुझ्यासारखंच म्हणाली. "आता बापाला सांगू नको, बाई. त्यो त्या डॉक्टरला हसवून आलाय तर महिना झाला, रोज मला सांगायलाय. ऱ्हाऊ दे."

म्हणजे तुम्ही दोघंही मला वाट काढून देत आहात. बारा तारखेला सुट्टी टाकून एकटीने परभणीला जायचं, डॉक्टरांना सांगायचं की बारा वर्षांची असताना शुद्ध हरपली होती आणि आता पुन्हा हरपायला आली होती. ते संभाजीनगरला चिठ्ठी देतील. बाबांना सांगायचं की गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून डॉक्टरांनी ठरवलं. ते नाही म्हणणार नाहीत. सगळं होऊन जाईल.

तीन दिवस मी याच्यावर विचार केला. मोह झाला, हे लिहायला हवं. पण मग संभाजीनगरला संमतीच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही बाबाच करतील. त्याच्या वर आजाराची हकीकत लिहिलेली असते, त्यात बेशुद्धी लिहिलेली असेल. बाबा सही करण्याआधी सगळं वाचतात, पॉइंटचं रजिस्टरही ते असंच वाचायचे. त्यांना ते एखाद्या परक्या माणसाच्या टेबलावर, हातात पेन असताना कळेल. नाही वाचलं तर त्यांची सही न कळता झालेली असेल. मला दोन्ही नको.

आणि दुसरं. तू म्हणालास तेरा वर्षं माघारी येत नाहीत. बरोबर आहे. पण बाबा अजून रोज तुझ्याविषयी चूक समजून आहेत. परवा शेजारच्या व्यंकटरावांनी पोरांचा विषय काढला तर बाबा म्हणाले, "आमचा थोरला हाताचा वाईट निघाला." हे मागचं नाही, परवाचं आहे.

बाबांना त्रास होईल. ते माझ्याशी बोलणं सोडतील असंही होईल. ॲब्लेशनला सोबत यायला नाही म्हणतील, तर पिंकी मॅडमना विचारून ठेवलं आहे, त्या येतील. डॉक्टरांना मी बारा तारखेला खरं सांगणारच आहे, बाबा सोबत असोत किंवा नसोत. पण बाबांनी ते दवाखान्यात पहिल्यांदा ऐकू नये. त्याआधी इथेच, माझ्या तोंडून.

हे कुसुमबाईंसमोर बोलणार आहे. मारलं त्यांच्या दारात, मग ढकललं नव्हतं हे त्यांनीही ऐकलं पाहिजे. त्यांचे पाय दुखतात, घराबाहेर पडत नाहीत, म्हणून आम्हीच त्यांच्या ओट्यावर जाऊ. बाबांना तिथे कसं न्यायचं ते अजून ठरलेलं नाही. बहुतेक खरंच सांगेन, की मला तुमच्या दोघांसमोर काही बोलायचं आहे.

दोनच वाक्यं बोलायची ठरवली आहेत, जास्त बोलले तर मी थांबेन. "सात सप्टेंबरला मी बेशुद्ध पडले होते. दादानं मला ढकललं नव्हतं, मी खोटं बोलले." यानंतर ते जे विचारतील त्याचं उत्तर देईन. शाळा जाईल या भीतीने बोलले, हे त्यांनी विचारलं तरच सांगेन. न विचारता सांगितलं तर दोष त्यांच्या अटीवर ढकलल्यासारखं होईल.

तू यायचं नाहीस. हे मी तुला बोलावण्यासाठी कळवत नाही. त्या दिवशी बाबांचा फोन आला तर तो उचलायचा की नाही हे तुला आधीपासून ठरवता यावं, एवढ्यासाठी दिवस कळवते.

आज सांगत नाही, कारण उद्यापासून शाळेत तपासणी आहे आणि मध्येच रडले तर काम होणार नाही. तपासणी मंगळवारी, दहा तारखेला संपते. बुधवारी अर्धी शाळा आहे. बाबा दुपारी झोपतात, साडेतीनला उठतात, चहा घेतात. चहा होऊ देईन.

बुधवार, ११ मार्च.

सुकेशनी